महापालिकेची जमीन जाते कशी?

मोकळ्या भूखंडाला एके दिवशी पत्र्याचे कुंपण पडते, मग फलक लागतो, आणि वस्तीतील माणसे एकमेकांना विचारू लागतात, ही जागा कुणाला दिली? कधी दिली? तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो.

समाजबांधवांनो, सार्वजनिक जमीन एका रात्रीत जात नाही. ती कागदावरून जाते आणि प्रत्येक कागदाला ठरलेला टप्पा असतो. हे टप्पे आपल्या घरातल्या प्रत्येकाला, आयाबहिणींनाही, माहीत असले पाहिजेत असे आम्हाला वाटते.

मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. राज्यातील इतर महापालिकांचा कारभार १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे चालतो. मालमत्ता विकण्याची किंवा भाडेपट्ट्याने देण्याची रीत मुंबईच्या कायद्यात कलम ९२ मध्ये आहे, तर इतरत्र ती कलम ७९ मध्ये आहे. कलम ७९ प्रमाणे आयुक्तांना स्वतःच्या अधिकारात एका वेळी बारा महिन्यांपर्यंतच भाडेपट्टा देता येतो. मोठी मालमत्ता विकायची किंवा कायम पट्ट्याने द्यायची तर सभागृहाची मंजुरी लागते. शिवाय मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, असेही हे कलम बजावते.

प्रस्ताव साधारणपणे मालमत्ता विभागातून निघतो. विकास आराखड्यात त्या जागेवर शाळा, मैदान, दवाखाना असे काही आरक्षण आहे का, हे पाहावे लागते. किंमत ठरते. मग मुंबईत सुधार समिती आणि इतरत्र स्थायी समितीपुढून विषय सर्वसाधारण सभेत जातो. आरक्षण बदलायचे असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम ३७ लागते. त्यात जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी मुदत असते एक महिन्याची. हा महिना आपल्या हक्काचा असतो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरातली सूचना कुणी वाचत नाही आणि महिना निघून जातो!

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, अशी ती अवस्था. नगरसेवकाला निवडून देणे म्हणजे आपल्या जमिनीवर पहारेकरी नेमणे, हे मतदानाच्या दिवशी विसरू नये.

लढा दिला तर निर्णय फिरतो, याचा दाखला आपल्यासमोर आहे. दादरच्या इंदू मिलची जागा केंद्राच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते त्या जागेत शिरले. डिसेंबर २०१२ मध्ये साडेबारा एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देण्याचे केंद्राने जाहीर केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले.

परंतु नियम आपल्यालाही लागू आहेत. भोपाळमध्ये एका न्यासाला जाहिरात न देता दिलेली वीस एकर जमीन सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द ठरवली. सरकारी मालमत्ता मर्जीने वाटता येत नाही, असा त्याचा अर्थ. आपली कितीतरी बुद्धविहारे आणि समाजमंदिरे कुणाच्या तरी तोंडी आश्वासनावर उभी आहेत. उद्या नोटीस आली तर हातात कागद काय? विहार समितीने ठरावाची प्रत, करारनामा, भाडेपट्ट्याची मुदत आणि भाड्याच्या पावत्या आजच एका फाईलमध्ये लावून ठेवाव्यात.

वस्तीतील तरुण मंडळाने आणि महिला मंडळाने मिळून आसपासच्या मोकळ्या जागांची यादी करावी. विकास आराखड्यात त्यांचे आरक्षण तपासावे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करावा. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेवढेही शुल्क नाही. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज, हे आम्ही कारकुनीच्या नोकरीत रोज पाहतो.

समाजाच्या साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे, असे संविधानाचे अनुच्छेद ३९(ब) सांगते. शहरातला मोकळा भूखंड ही तीच संपत्ती आहे. 'शिका' या शब्दात सूचना वाचायला शिकणेही आले. पुढच्या रविवारी वंदना आटोपल्यावर विहारात एवढाच एक विषय घ्या.

जयभीम!