भातुकली, गोष्ट आणि बालवर्ग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात भातुकली, दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर आणि गोष्टी यांत जाणारा वेळ हा खऱ्या अभ्यासातून उरलेला वेळ असतो, अशी समजूत महाराष्ट्रातील असंख्य घरांत आणि दुर्दैवाने अनेक बालवर्गांतही पक्की रुजलेली आहे. ज्युनिअर केजीतील मुलाच्या वहीची किती पाने भरली, त्याला शंभरपर्यंत आकडे म्हणता येतात की नाही, यावरून शाळेचा दर्जा ठरवला जातो; त्या मुलाने आज कोणती गोष्ट रचून सांगितली, हे मात्र कोणी विचारत नाही. या समजुतीच्या मुळाशी कल्पनाखेळाविषयीचे काही गैरसमज आहेत, आणि खेळाचे कौतुक करणाऱ्यांच्या बोलण्यातही काही गैरसमज दडलेले असल्यामुळे दोन्ही बाजू तपासणे आवश्यक आहे. येथे कल्पनाखेळ म्हणजे असा खेळ की ज्यात मूल एका वस्तूला दुसरी वस्तू मानते, स्वतःला दुसरी व्यक्ती मानते किंवा समोर नसलेला प्रसंग घडत आहे असे धरून वागते.

‘खेळात कसलेच नियम नसतात, त्यामुळे शिस्त लागत नाही’

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ मध्ये लेनिनग्राडमध्ये दिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने, १९६६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात नेमकी याच्या उलट मांडणी केली. कल्पनेतला प्रसंग आला की त्याच्याबरोबर नियम येतातच, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी त्यांनी जेम्स सली या अभ्यासकाने नोंदवलेले एक उदाहरण घेतले होते : पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी ‘आपण बहिणी-बहिणी खेळू या’ असे ठरवतात. एरवी त्या बहिणी असल्याचे भान न ठेवता वागतात. खेळात मात्र बहिणींनी कसे बोलावे, कसे कपडे घालावेत, परक्यांशी कसे वागावे याचा विचार करून वागू लागतात. आपल्याकडच्या भातुकलीतही हेच दिसते. आई झालेल्या मुलीने सर्वांना वाढून झाल्याखेरीज स्वतः जेवायला बसायचे नाही, हा नियम तिला कोणी सांगितलेला नसतो. तिने तो घरात पाहिलेला असतो, आणि खेळातली दुसरी मुले तो मोडू देत नाहीत.

विगोत्स्की यांच्या विवेचनातील दुसरा मुद्दा अर्थाविषयीचा आहे. लहान मुलाला वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. काठीला घोडा मानून तिच्यावर बसताना ते पहिल्यांदा ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून उचलून काठीवर ठेवते, आणि त्या क्षणी काठी या वस्तूपेक्षा तिला दिलेला अर्थ वरचढ ठरतो. पुढे ‘क’ या रेघांच्या आकाराला एक आवाज आहे असे मानायचे असते, तेव्हा मुलाला हाच व्यवहार पुन्हा करायचा असतो. म्हणून अक्षरांसाठी खेळ बंद करणाऱ्या वर्गात अक्षराचीच पूर्वतयारी हिरावली जात असते.

खेळातून आत्मसंयम वाढतो का, हा प्रश्न प्रयोगांनीही तपासला गेला आहे. १९४० च्या दशकात सोव्हिएत संशोधक मनुइलेन्को यांना असे आढळले की, नुसते ‘हलू नकोस’ असे सांगितल्यावर जी मुले थोड्याच वेळात चुळबुळ करू लागतात, तीच पहारेकरी झाल्यावर बराच जास्त वेळ स्तब्ध उभी राहतात. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणे काम देऊन हाताशी टॅबलेटवरचा मोहात पाडणारा खेळ ठेवला होता. त्यात बॅटमॅनसारखे आवडते पात्र होऊन काम करणारी मुले स्वतः म्हणून काम करणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वेळ कामाला चिकटून राहिली. मात्र सर्वच निष्कर्ष इतके सरळ नाहीत. खेळातल्या दुकानातून आणायच्या वस्तू मुलांना शब्दांच्या नुसत्या यादीपेक्षा जास्त लक्षात राहतात, असे इस्तोमिना यांनी १९४८ मध्ये दाखवले होते. पण वाइसबर्ग आणि पॅरिस या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये तसाच प्रयोग केला तेव्हा मुलांनी धड्याच्या स्वरूपातच अधिक शब्द आठवून सांगितले. खेळाची बाजू मांडणाऱ्यांनी पहिला प्रयोग सांगताना दुसरा गाळू नये.

‘मुलाला खरे-खोटे कळेनासे होते’

रिकाम्या वाटीतून ‘चहा’ पिणारे मूल खोटे बोलायला शिकेल, किंवा राक्षसाच्या गोष्टीने त्याचे वास्तवाचे भान सुटेल, ही भीती पालकांना मनापासून वाटते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांचा एक साधा प्रयोग या भीतीला उत्तर देतो. लहान मुलासमोर दोन रिकामे पेले ठेवून त्यांत काहीतरी ओतल्याचा अभिनय करायचा, मग त्यांपैकी एक उपडा करून पुन्हा सरळ ठेवायचा आणि ‘यातला रिकामा कोणता?’ असे विचारायचे. दोन्ही पेले प्रत्यक्षात कोरडे असतात, तरीही दोन वर्षांच्या आसपासची मुले उपडा केलेला पेलाच दाखवतात. म्हणजे मानलेल्या जगाचा हिशेब ती खऱ्या जगाच्या हिशेबात न मिसळता स्वतंत्रपणे ठेवतात. तहान लागली की तेच मूल खरे पाणी मागते, ही घरोघरची गोष्ट आहे.

येथे एक बारकावा आहे. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकाम्या खोक्यात एखादा प्राणी किंवा राक्षस असल्याची कल्पना करायला सांगितले होते. तो खरा नाही हे मुलांनी स्वच्छ सांगितले, तरीही काही मुले त्या खोक्याजवळ जपून वागली. भेद कळणे आणि भीती न वाटणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि त्या प्रौढांमध्येही वेगळ्याच असतात; त्यामुळे घाबरलेल्या मुलाला ‘अरे, ते खोटं आहे’ असे सांगून गप्प करण्यापेक्षा जवळ घेणे अधिक उपयोगी. काल्पनिक मित्राशी बोलणारे मूल एकलकोंडे किंवा आजारी असते, हा समजही असाच निराधार आहे. ऑरेगन विद्यापीठातील मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासात, बोलक्या मानलेल्या बाहुल्या आणि खेळणी धरून, सुमारे ६५ टक्के मुलांना सात वर्षांच्या वयापर्यंत कधी ना कधी असा सोबती होता.

‘गोष्ट मोठ्यांनी सांगायची, मुलांनी ऐकायची’

बालवर्गातील सर्वांत खोल रुजलेला गैरसमज बहुधा हाच आहे. ताई गोष्ट सांगतात, मुले हाताची घडी घालून ऐकतात, शेवटी तात्पर्य विचारले जाते आणि गोष्टीचा तास संपतो. गोष्ट ऐकण्याचे मोल निर्विवाद आहे, परंतु या पद्धतीत मुलाच्या स्वतःच्या गोष्टीला जागाच उरत नाही.

अमेरिकेतील बालशिक्षिका व्हिव्हियन पॅले (१९२९–२०१९) यांनी शिकागो विद्यापीठाच्या ‘लॅबोरेटरी स्कूल’मध्ये, म्हणजे विद्यापीठाने शिक्षणविषयक प्रयोगांसाठी चालवलेल्या शाळेत, शिकवताना या जागेचा शोध घेतला. ३७ वर्षे शिकवलेल्या पॅले यांना १९८९ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. १९८१ च्या ‘वॉलीज् स्टोरीज’ या पुस्तकात त्यांनी नोंदवले आहे की, मुलांनी सांगितलेली गोष्ट नुसती लिहून घेतली जाई तेव्हा मुलांना तिच्यात फारसा रस नव्हता; पण वॉली नावाच्या मुलाची गोष्ट वर्गाने करून दाखवली आणि त्यानंतर आपापली गोष्ट लिहून घ्यावी म्हणून मुलांची रीघ लागली.

त्यांची पद्धत अगदी साधी आहे, आणि ती तपशिलात समजून घेण्याजोगी आहे. समजा, चार वर्षांचा एक मुलगा अंगणवाडीत ताईंशेजारी बसून सांगतो, ‘एक वाघ होता. त्याला ताप आला. मग त्याची आई आली. तिनं मऊ भात दिला. मग तो शाळेत गेला.’ ताई प्रत्येक वाक्य मोठ्याने उच्चारत मुलाच्याच शब्दांत लिहितात. वाघ भात खात नाही अशी दुरुस्ती करीत नाहीत आणि बोलीतला शब्द प्रमाण भाषेत बदलत नाहीत. गोष्ट एका पानात संपवायची असते, आणि एकाच वाक्याची गोष्टसुद्धा पूर्ण गोष्ट धरली जाते. त्याच दिवशी सगळी मुले जमिनीवर आखलेल्या चौकोनाभोवती बसतात. गोष्ट सांगणारा स्वतःची भूमिका निवडतो, उरलेल्या भूमिका पाळीपाळीने इतरांकडे जातात, ताई लिहिलेले पान वाचतात आणि मुले ते करून दाखवतात. दोन-तीन मिनिटांत प्रयोग संपतो आणि दुसऱ्या गोष्टीची पाळी येते.

एवढ्या वेळात पुष्कळ काही घडून जाते. आपण बोललेला शब्द कागदावर जाऊन बसतो आणि काही तासांनी तसाच्या तसा परत येतो, हे लेखनाचे मूळ तत्त्व मुलाला स्वतःच्या वाक्यातून कळते. ‘मग’ या शब्दाने आधी काय आणि नंतर काय हे जोडले जाते. चौकोनाभोवतीच्या मुलांना समजले नाही तर पुढच्या वेळी गोष्ट अधिक स्पष्ट सांगावी लागते. आणि ताप, औषध, आई दिसेनाशी होणे यांसारखे मनात घोळणारे विषय मूल त्याला पेलवतील अशा रूपात मांडते. अगेलिकी निकोलोपूलू आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांच्या वर्गांत हा उपक्रम राबवल्यावर गोष्टीचे आकलन, छापील मजकुराची आणि शब्दांची जाण आणि आत्मनियमन यांत सुधारणा दिसून आली. घरची बोली शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी असणाऱ्या मुलांसाठी तर या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे, कारण वर्गात त्यांची भाषा प्रथमच कागदावर येते आणि सन्मानाने वाचली जाते.

‘मुले खेळत असली की शिक्षिकेला काम नसते’

खेळ मुलांवर सोडून देणे आणि खेळाला वाव देणे यांत मोठे अंतर आहे. मोकळ्या खेळात एखादे मूल रोज वगळले जाते, एकालाच कायम रोगी किंवा चोर व्हावे लागते, मुलींकडे नेहमी चूल आणि मुलांकडे गाडी जाते; मोठ्यांच्या समाजातली उतरंड खेळात आयती उतरते. पॅले यांनी म्हणूनच ‘तुला खेळायला घेणार नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही’ असा नियम वर्गात आणला आणि त्यावर मुलांशी झालेल्या दीर्घ चर्चांतून त्यांचे १९९२ चे पुस्तक सिद्ध झाले. शिक्षिकेने खेळ पाहायचा असतो, नोंदी ठेवायच्या असतात, अडलेल्या खेळात एखादी वस्तू किंवा प्रश्न सोडायचा असतो आणि वेळेवर बाजूला व्हायचे असते. हे काम फळ्यावर बाराखडी लिहून देण्यापेक्षा अवघड आहे.

‘हे परदेशी आणि महागडे प्रकरण आहे’

महाराष्ट्राला तरी हा आक्षेप शोभत नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले ते मॉन्टेसरी विचाराने प्रेरित होऊन. परंतु लहान मुलांना परीकथा सांगण्याविषयी मारिया मॉन्टेसरी यांना जो संकोच होता, तो गिजुभाईंनी स्वीकारला नाही, आणि गोष्ट व नाटक यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते काम पुढे चालले. शिंपले, बिया, पाने, माती असे परिसरात मिळणारे साहित्य हाच तेथील बालवाडीचा आधार होता. प्लास्टिकच्या तयार स्वयंपाकघरापेक्षा नारळाची करवंटी कल्पनेला अधिक वाव देते, कारण करवंटीचे पातेले, टोपी, होडी काहीही होऊ शकते.

‘कल्पनाखेळाने बुद्धी हमखास वाढते’

हा गैरसमज खेळाच्या समर्थकांचा आहे आणि तोही दूर व्हायला हवा. व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोपर्यंतच्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला तेव्हा, कल्पनाखेळ हेच मुलांच्या विकासाचे एकमेव किंवा अनिवार्य कारण आहे, असे ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा त्यांना आढळला नाही. अनेक अभ्यासांत मुलांची संख्या कमी होती, तर काहींत मूल्यमापन करणाऱ्याला कोणते मूल कोणत्या गटातले हे आधीच ठाऊक होते. याचा अर्थ लहान मुलांना बाकांवर बसवून घोकंपट्टी करून घ्यावी असा होत नाही, हेही त्याच संशोधकांनी स्पष्ट केले आहे. ‘ब्रेन डेव्हलपमेंट’च्या जाहिराती करून महागडे खेळवर्ग विकणाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्यांवर पालकांनी विश्वास ठेवू नये. कल्पनाखेळ आणि गोष्ट यांच्या बाजूने जो पुरावा आहे, तो प्रामुख्याने भाषा, कथन आणि आत्मनियमन यांच्याशी निगडित आहे, आणि बालवर्गासाठी तेवढा पुरेसा आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या अंगणवाड्या आज राज्याच्या गावोगावी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, संवाद आणि गोष्टी यांना अध्यापनाच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. तेव्हा धोरणाची आडकाठी आता उरलेली नाही. अडचण आहे ती वेळापत्रकाची, सेविकांवर लादलेल्या नोंदवह्यांच्या ओझ्याची आणि पालकांच्या आग्रहाची. यांतील तिसरी गोष्ट वाचकांच्या हातात आहे. पालकसभेत गृहपाठ वाढवण्याची मागणी करण्याऐवजी, वर्गात रोज अर्धा तास मुलांच्या गोष्टी लिहून घेण्यासाठी आणि करून दाखवण्यासाठी राखून ठेवावा, अशी मागणी पालकांनी करावी. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि खडूने आखलेला चौकोन यांपलीकडे काही लागत नाही.