घुबड ओरडते, बळी मात्र बाईचा

रात्री कडुलिंबावर पिंगळा ओरडला की आजही आपल्या वस्तीत एखादी आजी लेकराला पोटाशी धरते. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली की "कुणाचं तरी काही खरं नाही" असे हमखास म्हटले जाते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्या घ्या की नाशिकरोडच्या जुन्या चाळी घ्या. मुलगा आयटीआय झाला, मुलगी कॉम्प्युटर शिकली, पण ही भीती काही उंबरठा ओलांडून बाहेर गेली नाही. उलट आता ती मोबाईलमधून नवे कपडे घालून परत येत आहे. खिडकीत कोणता पक्षी बसला म्हणजे कोणता आध्यात्मिक संकेत, हे सांगणारे व्हिडिओ आपली तरुण मुले एकमेकांना पाठवतात. म्हणून या पाखरांचा हिशेब एकदा जमा-खर्चासह मांडावा, असे आम्हाला वाटते.

पाखरू का ओरडते?

प्रथम पिंगळा. हे लहानसे घुबड जोडीने राहते, झाडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीत घर करते. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे जमतात म्हणून ते माणसाच्या वस्तीजवळ येते आणि तिन्हीसांजेला व पहाटे आपल्या जोडीदाराला साद घालते. त्यात आपल्यासाठी निरोप कसला असणार?

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खडे-गोट्यांत अंडी घालते. कुत्रा, साप किंवा माणूस जवळ आला की ती जिवाच्या आकांताने ओरडते. एका आईने पिलांसाठी केलेला तो आक्रोश आहे. त्याला आपण मरणाची वर्दी म्हणतो.

मोठ्या घुबडाबद्दल तर आपल्याकडे फारच भय. त्याला दगड मारला तर तो दगड ते झेलते, नेऊन पाण्यात घासते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो, ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली आणि तुम्हीही ऐकली असेल. खरे तर घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे, केस यांची गोळी करून ओकून टाकते. शेतकऱ्याच्या धान्याची अशी फुकट राखण करणारा दुसरा राखणदार नाही.

आता गंमत पाहा. प्राचीन ग्रीसमध्ये हेच घुबड अथेना या ज्ञानदेवतेचे पाखरू मानले जाई. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या नाण्यांवर त्याचे चित्र आहे. आपल्या पिंगळ्याचे शास्त्रीय नावच 'अथेने ब्रामा' असे आहे. म्हणजे तिकडे जे ज्ञानाचे चिन्ह, तेच इकडे अपशकुनाचे. अर्थ पाखरात असता तर तो देशोदेशी बदलला नसता. अर्थ माणसाच्या डोक्यात आहे.

आणि इकडे तरी एकमत कुठे आहे? एकीकडे घुबड लक्ष्मीचे वाहन, दुसरीकडे दिवाळीच्या सुमारास तांत्रिक विधीसाठी त्याचाच बळी. 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेने २०१० मध्ये घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भारतातील घुबडांच्या १५ जाती या व्यापारात सापडल्याची नोंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे.

कावळ्याचा स्पर्श आणि माणसाचा स्पर्श

आपल्या नाशिकला पक्ष्यांच्या शकुनाचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे गोदाकाठचे रामकुंड. तिथे पिंड ठेवून लोक हात जोडून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर मृताची इच्छा राहिली असे समजतात. मग कुणी म्हणतो, "धाकटीचं लग्न मी करीन." कुणी म्हणतो, "आईला मी सांभाळीन." तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिवून घेतात.

कावळा अतिशय हुशार आणि सावध पक्षी आहे. अमेरिकेत सिएटल येथे २००६ पासून संशोधकांनी विशिष्ट मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे ओरडून गोंधळ घालत. असा पक्षी इतक्या माणसांच्या घोळक्यात, पोट भरलेले असताना पिंडाजवळ येत नाही, यात नवल काय? धाकटीच्या लग्नाचा शब्द चांगलाच आहे. पण तो कावळ्यापुढे कशाला? बाप जिवंत असताना त्याच्या उशाशी बसून द्यावा, म्हणजे तो ऐकून तरी जाईल.

आणखी एक गोष्ट. पिंडाला कावळा शिवला तर तो पवित्र, आणि बाईला 'कावळा शिवला' म्हटले की ती चार दिवस बाहेर! एकाच पाखराचा स्पर्श मेलेल्याला मुक्ती देतो आणि जिवंत बाईला विटाळ लावतो. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. जिथे कावळ्याच्या स्पर्शासाठी लोक ताटकळत उभे राहत, तिथे आपल्या आजोबा-पणजोबांच्या स्पर्शाने देव बाटत होता. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा का घातली, हे यावरून ध्यानात यावे.

इथली भुताळी, तिथली विच

सैबेरियातील एव्हेंकी लोकांच्या भाषेतून 'शमन' हा शब्द जगभर गेला. शमन ढोल वाजवतो, अंगात आणतो, पक्ष्याच्या रूपाने आत्म्यांच्या जगात जाऊन येतो अशी समजूत. आपल्याकडचा भगत हा त्याचाच भाऊबंद. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवर भगत दाणे पाहतो, मोरपिसांनी झाडतो. त्याला झाडपाल्याची माहिती असते आणि दवाखाना लांब असला की लोक त्याच्याकडेच जातात. त्या लोकांना हसण्यात अर्थ नाही. शहरातले शिकलेले साहेबसुद्धा बाबा-बुवांच्या रांगेत असतातच.

पण धोका पुढे आहे. रात्री घुबड ओरडते, सकाळी मूल तापाने फणफणते. दाणे पाहून दिशा सांगितली जाते. त्या दिशेला नेमकी एखादी एकटी विधवा राहते, बहुधा जिच्या नावावर थोडी जमीन आहे. ती 'भुताळी' ठरते. खानदेश-नंदुरबारकडे तिलाच 'डाकीण' म्हणतात. मग मारहाण, गावातून हाकलणे, कधी खूनही. भुताळी कधी सावकाराची बायको निघाली आहे का?

युरोपातही हेच झाले. पंधराव्या ते अठराव्या शतकात तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचे नव्या चेटूकपंथावरील पुस्तक आले. आज तिकडे काही स्त्रिया हौसेने स्वतःला 'विच' म्हणवतात, निसर्गाची पूजा करतात. त्यांना कुणी मारत नाही. तिथे बाई स्वतःला ते नाव घेते, इथे गाव ते तिच्या माथी मारते. हा फरक विसरून आपल्या मुलांनी ती फॅशन उचलू नये.

कायदा आपल्या बाजूला आहे

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिला छळणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पोलिसांना "आपसात मिटवा" म्हणता येत नाही.

तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच हा विषय निकालात काढला होता. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात हीन विद्यांची यादी आहे. कावळ्याच्या आवाजावरून आणि पक्ष्यांच्या बोलीवरून भविष्य सांगणे हे त्यात स्पष्ट नोंदले आहे. भिक्खूंनी त्यावर पोट भरू नये, असा दंडक होता.

तेव्हा भगिनींनो, पिंगळा ओरडला तर लेकराला आत ओढू नका. खिडकीशी नेऊन तो पक्षी दाखवा. एखाद्या रविवारी निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. ज्या मुलाने पाखरू डोळे भरून पाहिले, ते पाखराला भीत नाही. आणि वस्तीत एखाद्या एकट्या बाईविषयी कुजबुज सुरू झाली तर त्याच संध्याकाळी चार जणी मिळून तिच्या ओट्यावर जाऊन बसा, चहा मागा. कायदा नंतर येतो. शेजारीण आधी पोचली पाहिजे.