सराईचा मालक कोण?

नाशिकहून मालेगावला तागे आणायला जाणारे आपले व्यापारी बांधव चांदवडला चहापुरते थांबतात आणि पुढे निघतात. बैलगाडीच्या जमान्यात एवढ्यावर भागत नव्हते. नाशिक ते चांदवड सुमारे ६५ किलोमीटर. भरलेली गाडी दिवसाला २०-२५ किलोमीटर चाले, म्हणजे तीन दिवस. पुढे राहुडचा घाट. दमलेले बैल घेऊन तो कोण ओलांडणार? म्हणून आग्रा रस्त्यावर चांदवडला मुक्काम व्हायचा. होळकरांच्या काळात इथे टांकसाळ होती, चांदवडी रुपया दूरवर चाले. अहिल्याबाईंचा रंगमहाल आजही उभा आहे. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले विणकर याच रस्त्याने खाली उतरले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडी-मुंबईकडे गेले.

अशा रस्त्यांवर मुसाफिराचा आधार म्हणजे सराई. मधे चौक, चारी बाजूंना कोठड्या, विहीर, जनावरांना जागा आणि एकच मोठा दरवाजा. आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे जहांगीरच्या काळात बांधलेली बुऱ्हाणपूरची अकबरी सराई. सराईत चूल पेटवणारा, खाट देणारा, घोड्याला चारा घालणारा तो भटियारा. त्याची बायको भटियारीण. आजच्या भाषेत हेच लॉजचे मालक. पण खरोखर मालक होते का?

शेरशाह सूरीने (१५४० ते १५४५) दर दोन कोसांवर सराई बांधली, असे तवारीखवाले लिहितात. आकडा १७०० देतात. हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांची सोय वेगवेगळी, हिंदूंच्या जेवणासाठी ब्राह्मण ठेवलेले. व्यापाऱ्याने ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. सराईच्या खर्चासाठी आसपासच्या जमिनीचे उत्पन्न लावून दिले होते. इमारत एकदा दान करता येते, पण दिवाबत्ती आणि चौकीदार रोज लागतात.

शाहजहानच्या अखेरच्या काळात आलेला इटालियन मुसाफिर मनुची लिहितो, की पहाटे दरवाजा उघडण्याआधी चौकीदार तीनदा ओरडून सांगे, आपापले सामान तपासा. कोणाचे काही हरवले असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. आम्ही धंद्यात नवीन असताना एका गावच्या लॉजमधून रात्रीत आमची कापडाची एक गाठ गेली. मॅनेजरने भिंतीवरची पाटी दाखवली : सामानाची जबाबदारी आमची नाही. मनुचीची हकीकत वाचली तेव्हा आम्हाला ती पाटी आठवली.

इंग्रजांनी १८६७ साली सराईंसाठी खास कायदा केला. सराईवाल्याने नाव नोंदवावे, चौकीदार ठेवावा, विहीर साफ ठेवावी, दरपत्रक लावावे. ज्या फांद्यांवरून चोर आत उतरेल त्या फांद्यासुद्धा त्यानेच तोडाव्यात!

पण तोपर्यंत रेल्वे आली होती. १८६५ साली थळ घाटातून गाडी सुरू झाली. माल लासलगाव आणि मनमाडच्या स्टेशनांवर उतरू लागला. चांदवडला स्टेशन नाही. जिथे कारवां थांबत नाही तिथे भटियाऱ्याची चूल कशी पेटणार? चांदवडसारख्या मुक्कामाच्या गावांना त्याची झळ बसली.

आता मूळ सवाल. वक्फ केलेल्या सराईला मालक नसतो. मुतवल्ली सांभाळतो, भटियारा मेहनतीचे खातो, जागा मुसाफिरांची अमानत असते. मुसाफिर येईनासे झाले की तिथे राहणारे पोटासाठी तिथेच राहतात. दोन पिढ्यांनी कोणी विचारत नाही, तीन पिढ्यांनी तेच मालक ठरतात. यात दरवेळी बदनियत असतेच असे नाही. बहुतेकदा हिशेब लिहिलेला नसतो, एवढेच.

आपल्या गावात जुना मुसाफिरखाना किंवा सराई असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा काढून पाहा. नाव कोणाचे आहे? वक्फ मंडळाकडे नोंद आहे का? पुढच्या गाळ्यांचे भाडे कुठे जमा होते? आपण दुकानात पै-पैचा हिशेब ठेवतो. नव्या मुसाफिरखान्याला वर्गणी देतानाही हेच विचारावे : बांधणार कोण ते कळले, चालवणार कशावर? ज्याचे उत्तर वहीत लिहिलेले असेल, त्यालाच पैसे द्यावेत.