बी. ए. नंतर दप्तरखान्याची वाट

पनवेल स्टेशनवर लोकलची वाट पाहताना ओळखीचे कोणी ना कोणी भेटते आणि विचारते, "मुलगी इतिहास घेऊन बी. ए. झाली. आता बी. एड. करू दे, की स्पर्धा परीक्षेला बसवू?" या दोन वाटांखेरीज तिसरीही एक वाट आहे. ती संग्रहालयात आणि दप्तरखान्यात जाते.

मी त्याच वाटेने गेलो. पहिल्या मुलाखतीत माझ्यापुढे एक जुना कागद सरकवण्यात आला. "वाचा." कागद मोडीत होता. इतिहासात पहिला वर्ग मिळवलेल्या मला त्यातली एक ओळही लागेना. नोकरी गेली, पण काय शिकायचे ते कळले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले हिशेब, खरेदीखते, सनदा मोडीत लिहिल्या जात. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कोटींत मोजतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. तेही या ढिगातले मूठभरच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधू लागले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद असून वाचणारा नसेल, तर माणसाचा हक्कही अडून राहतो.

म्हणून पहिली पायरी मोडी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय तिचे अल्पमुदतीचे वर्ग भरवते. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. संग्रहालयाची ओढ असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय तर हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरून चालत जाण्याजोगे. तिथली एकेक पाटी वाचून पाहा. वस्तू कोणती, कुठली, कशाची, हे चार ओळींत सांगणे हेही कला शाखेच्या पदवीधराचेच काम.

दप्तरखान्यातले काम बाहेरून कंटाळवाणे वाटते. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, कोणाकडून आला ते नोंदवायचे. रुमालातला मूळ क्रम मोडायचा नाही, कारण शेजारच्या कागदावरूनच पुष्कळदा अर्थ लागतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावायची नाही. तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करून खातो. आपल्या कोकणच्या दमट हवेत कसर आणि बुरशी यांवर रोज नजर ठेवावी लागते.

खरे सांगायचे, तर सरकारी जागा थोड्या असतात. सुरुवातीची काही वर्षे कंत्राटावर, बेताच्या पगारात काढावी लागतात. घरची अडचण असेल, तर हे आधीच ओळखून पाऊल टाकावे. पण केवळ सरकारकडेच डोळे लावू नयेत. रिझर्व्ह बँकेचे पुण्यात स्वतःचे अभिलेखागार आहे. टाटा, गोदरेज यांसारख्या उद्योगसमूहांनीही आपली दप्तरे जतन केली आहेत.

आणि सुरुवात घराजवळूनच करता येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण आपल्या पनवेलजवळच. आपल्या भागात देवस्थाने आहेत, जुनी वाचनालये आहेत. परवानगी घेऊन एखाद्या कपाटातल्या शंभर कागदांची नीट यादी करा. माझी दुसरी मुलाखत अशाच एका वहीवर पार पडली. प्रमाणपत्र त्यांनी नंतर मागितले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)