वाराबी मोची

वाराबी मोची : एक मऊ, चिवट व पारभासी जपानी मिष्टान्न. ‘वाराबी’ हे एका नेच्याचे (टेरिडियम ॲक्विलिनम) जपानी नाव असून ‘मोची’ हा मूलतः चिकट तांदूळ वाफवून व कुटून केलेला पदार्थ होय. वाराबी मोचीत मात्र तांदूळ नसतो; नेच्याच्या जमिनीतील खोडापासून मिळणाऱ्या स्टार्चापासून ती करतात. खोड ठेचून पाण्यात कालवतात, गाळतात व तळाशी बसलेला साका वारंवार धुऊन वाळवितात. हा स्टार्च अल्प प्रमाणात मिळत असल्याने महाग असतो. त्यामुळे बाजारातील मिश्रणांत बहुधा रताळ्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असतो. भारतात साबुदाणाही टॅपिओकाच्याच स्टार्चाचा करतात. अस्सल वाराबी मोची करडसर तपकिरी, तर इतर स्टार्चांची फिकट व स्वच्छ दिसते.

कृती : स्टार्च व साखर समभाग घेऊन त्यांत स्टार्चाच्या चौपट ते पाचपट पाणी थंडच कालवितात व मिश्रण गाळून घेतात. ते मध्यम आचेवर लाकडी कालथ्याने सतत ढवळल्यास प्रथम दुधी असलेले मिश्रण एकाएकी घट्ट होते. या टप्प्यावर ते उतरविल्यास मोची पिठूळ लागते. म्हणून आच मंद करून पांढुरकेपणा पूर्ण जाईपर्यंत ते आणखी काही मिनिटे घोटतात. नंतर ओल्या साच्यात निववून त्याचे तुकडे करतात व भाजलेल्या सोयाबीनचे पीठ (किनाको) आणि काळ्या साखरेचा पाक (कुरोमित्सू) यांसह वाढतात. आत गोड अझुकी कडधान्याचे पुरण भरूनही गोळे करतात.

उष्णतेने स्टार्चाचे कण पाणी शोषून फुगतात व फुटतात. त्यामुळे प्रकाश आरपार जाऊ लागतो व चिवटपणा येतो. थंडीत स्टार्चाचे रेणू पुन्हा एकत्र जुळतात आणि मोची अपारदर्शक व कडक बनते. साखरेने ही क्रिया मंदावते. यास्तव मोची शीतकपाटात न साठविता त्याच दिवशी खातात व वाढण्यापूर्वी थोडाच वेळ गार करतात.

या नेच्यात टॅक्विलोसाइड हे कर्ककारक द्रव्य असते. ते पाण्यात विरघळत असल्याने स्टार्च वारंवार धुण्यास महत्त्व आहे. रानातील नेचा खणून घरी स्टार्च काढणे इष्ट नाही. तयार स्टार्चच वापरावा. लहान मुले व वृद्ध यांना बारीक तुकडे द्यावेत. कारण चिवट घास घशात अडकण्याची भीती असते.