गाळ्याची घरपट्टी आणि कॅलेंडरमागची नोटीस

परवा नाशिकरोडचे एक जुने कार्यकर्ते बिल घेऊन आले. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे किराणा दुकान. "जयभीम वकीलसाहेब, मागच्या खोल्यांपेक्षा दुकानाचा आकडा एवढा मोठा कसा?" मी विचारले, खास नोटीस आली होती का? म्हणाले, "आली होती. कॅलेंडरमागे खोचून ठेवली."

इथेच आपले लोक मार खातात.

हिशेब अवघड नाही. गाळा रास्तपणे ज्या भाड्याने जाईल ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. समजा, भाडे महिना ४,००० रुपये. वर्षाचे ४८,०००, वजा ४,८००, उरले ४३,२००. कराची टक्केवारी या रकमेवर. धंदा चालतो की बसतो याच्याशी त्याचा संबंध नाही. (मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे, ती वेगळी.) शिवाय बिगरनिवासी जागेला राज्याचा रोजगार हमी कर लागतो, राहत्या घराला नाही. खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी शहरातला दुकानदार पैसा देतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता अधिकार कोणाचा? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे कराचा दर महासभा ठरवते, पण करयोग्य मूल्य आयुक्त ठरवतात. २०१८ साली आयुक्त तुकाराम मुंढे यांनी नाशकात मूल्यदर वाढवले तेव्हा वाद पेटला तो याच सीमारेषेवर. त्या गदारोळात मोकळ्या जमिनींची चर्चा फार झाली, वस्तीतल्या दुकानदाराची कमी.

मूल्य मान्य नसेल तर नोटिशीतल्या मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत घ्यावीच लागते. कलम ४०६ खाली न्यायाधीशाकडे अपील आहे, पण आधी हरकत घेतलेली व तिचा निकाल लागलेला हवा, पंधरा दिवसांत अपील हवे आणि कराची रक्कम भरलेली हवी. हरकतच नाही तर अपिलाचे दार बंद. नगरसेवकाला तोंडी सांगणे ही हरकत नव्हे. आणि एक भ्रम सोडा : घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे.

आमच्या कार्यकर्त्यांची मुदत अकरा दिवसांपूर्वीच संपली होती. ज्यांच्याकडे नोटीस आली असेल त्यांनी ती, भाडेकरार आणि जुनी बिले घेऊन रविवारी सकाळी विहारात यावे. अर्ज तिथेच लिहून देऊ.