जुन्या पिकअपचा गिअरदांडा बदलताना

गोरेगावपासून दोन स्टेशने पुढे कांदिवलीला महिंद्रचा कारखाना आहे. याच कंपनीने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातली एखादी जुनी पिकअप आपल्या दारी असेल, तर गिअरदांड्याकडे लक्ष द्यावे. खालचे टोक झिजले की गिअर पुरता बसत नाही. भरल्या गाडीने घाट चढताना ते जिवावर बेतेल.

दांडा बदलताना गाडी सपाटीला लावून चाकांना दगड द्यावेत, गिअर न्यूट्रलला ठेवावा. भोवतालची माती पुसूनच टोपी उघडावी. दांडा निघताच भोकावर स्वच्छ फडके घालावे. आत खडा पडला, तर दाते गेलेच समजा. नव्या दांड्याचे खालचे टोक जुन्याशी ताडून पाहावे. शेवटी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर घालून बघावेत. दांड्यापायी गिअरबॉक्स गमावू नये.